एवारिस्तोच्या चुन्याच्या रेघा

माझे यजमान एवारिस्तो एकतीस वर्षं होंडुरासातल्या आमच्या सान हासिन्तो क्लबच्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखत. मालकानं क्लबची वरच्या साखळीतली जागाच दुसऱ्या गावाला विकली आणि संघ संपला. आता मैदानात केळ्यांचे ट्रक लावणार, असं कानावर आलं. रविवारी हे चुना घेऊन निघाले.

"अहो, खेळणार कोण? तुमचा गुडघा?"

"गप गं. रेघ दिसली की माणूस थांबतो."

दुपारी पहिला ट्रक आला. रेघ बघून चालकानं तो रस्त्यावरच थांबवला आणि टोपी काढली. "काका, सामना कितीला?"

"चारला," हे धडधडीत खोटं बोलले.

चारला तो येऊन आमच्याजवळ रेघेबाहेर बसला. मैदान रिकामंच होतं. अंधार पडेपर्यंत कुणी आत पाऊल टाकलं नाही.