अचलपूरच्या बहिणीचे पैसे

अमरावतीच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी ती बाई बोलताबोलता बोटांवर हिशेब करायची. नवऱ्याच्या आजारपणात तिनं अचलपूरच्या बहिणीकडून पैसे उसने घेतले होते. नवरा वाचला नाही. पुढं बचत गटात ती रोजचा खर्च लिहायला शिकली. चहा सोडला, ऑटो सोडला आणि चार वर्षांत सगळं फेडलं.

शेवटची रक्कम देऊन आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बहीण खूश झाली असेल?"

"दोनदा मोजले तिनं पैसे, मॅडम. मले पाणीबी नाही विचारलं."

तिनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग हळूच म्हणाली, "पण येताना येष्टीत झोप लागली. चार वर्षांत अशी झोप नव्हती आली. अमरावतीले कंडक्टरनं हलवून उठवलं मले."