एवढं दार होऊ दे

श्रोतेहो, आयुष्यात एकदाही खेळ न थांबवलेल्या माणसाची ही कथा आहे. मन घट्ट करून ऐका.

त्याला सगळे ऑपरेटर म्हणत. चित्रपटगृहाच्या माथ्यावरच्या कोंदट खोलीत, दोन यंत्रांच्या मधे, त्याची एकतीस वर्षे गेली. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमके. तो दिसताच दुसरे यंत्र सुरू करायचे. सांधा कुणाला कळता कामा नये. त्याच्या हातून तो कधीच कळला नाही. हा त्याचा धर्म होता आणि हाच त्याचा अहंकार. अहंकार धर्माचे वस्त्र नेसून आला, की भल्याभल्यांना ओळखू येत नाही!

एका दुपारी एक जुना, संथ चित्रपट लागला होता. म्हातारा नावाडी, नदीवर पूल झाल्याने त्याची नाव काठावर कुजते आहे. जन्मभर त्याने लोकांना पैलतीरी नेले. मात्र तिथेच राहणाऱ्या सख्ख्या बहिणीकडे, एका जुन्या अबोल्यापायी, तो कधी गेला नाही. आता तो पुलावरून चालत निघतो. बालपणीचे एकेक दृश्य येते आणि धुक्यात विरते. अखेर तो तिच्या दारापुढे उभा राहतो, हात उचलतो, आणि चार मिनिटे तो हात तसाच राहतो. संगीत नाही, शब्द नाही. सुरकुतलेली बोटे, दाराचे लाकूड, आणि मधे वीतभर अंतर. त्या वीतभरात एका माणसाचे अख्खे आयुष्य मावलेले!

ऑपरेटरची बायको नवव्या रांगेत एकटी बसली होती. तो झरोक्यातून तिची पाठ पाहत असे. तिच्या शेजारी बसणे त्याला कधी जमलेच नाही. शेवटून दुसरे रीळ चालू असताना दारवान धापा टाकत वर आला.

“ऑपरेटर, वहिनींच्या माहेरून फोन. त्यांच्या आईचं काही खरं नाही. लेकीचा घोष लावलाय. बंद करा खेळ.”

“खाली किती जण आहेत?”

“सात. दोन घोरतायत, एक पंख्याखाली बसायला आलाय. कोण बोंब मारणार आहे!”

ऑपरेटरने झरोक्यातून पाहिले. ती पुढे झुकून, पदर तोंडाशी धरून बसली होती. “एवढं दार होऊ दे,” तो म्हणाला.

“अहो, तिकडे माणूस जातंय!”

“वीस मिनिटं. मग मीच सांगतो. तू तोंड उघडू नकोस.”

दार झाले, आणि दारामागून शेवटचे रीळही झाले. दोघे पोचली तेव्हा म्हातारीचे डोळे मिटून पाव तास झाला होता. बायकोने विचारले, “फोन कधी आला हो?” तो म्हणाला, “खेळ सुटला, तेवढ्यात.”

चौतीस वर्षे ती सगळ्यांना सांगत राहिली, “आई गेली त्या दिवशी त्या नावाड्याने मला आधीच रडवून ठेवलं होतं. नाहीतर मी कोसळलेच असते.” त्या कृतज्ञतेचा एकेक शब्द त्याच्या काळजात निखाऱ्यासारखा पडत राहिला.

आता तिची स्मृती विझू लागली आहे. कधी ती त्याला ‘अहो’ म्हणते, कधी ‘दादा’. पूर्ण विझण्याआधी खरे सांगायचे. मग तिने क्षमा करावी किंवा शिव्या घालाव्यात. तिच्या तोंडून एक शब्द यावा, एवढीच त्याची या जगाकडे उरलेली मागणी. एका रविवारी दुपारी कुठल्याशा मंडळाने तोच चित्रपट लावला, आणि त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

“हे काय, नवरदेव? कुणी दिली मुलगी?” ती हसली. आज ती भानावर होती! देवा, केवढी आशा दिलीस!

प्रथमच तो तिच्या शेजारी बसला. म्हाताऱ्याने पडद्यावर हात उचलला, तसा त्याने तिचा हात धरला.

“अगं, तुझ्या आईचा फोन आला तेव्हा हेच चाललं होतं. तुला बोलावलं होतं तिने. मी सांगितलं नाही. मला माफ कर.”

तिने वळून पाहिले. चौतीस वर्षांपूर्वी जो चेहरा त्याने होऊ दिला नव्हता, तोच आत्ता समोर होता.

“आईला काय झालंय?”

तिने हात सोडवून घेतला आणि ती उभी राहिली.

“अहो, बोलावलंय आणि तुम्ही बसून काय राहिलात? उठा!”

लोकांचे गुडघे ओलांडत ती बाहेर पडली. तो मागोमाग धावला. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, ती त्याची बाही ओढत होती. माहेरचे घर पाडून तिथे गोदाम झाल्याला वीस वर्षे लोटली होती. खरे सांगावे तर तिची आई आज, इथे, पुन्हा मरणार. आणि सांगावे किती वेळा? जिच्याकडून क्षमा हवी, तिच्या लेखी अजून काही घडलेच नव्हते.

बस आली. तिने त्याला आधी चढवले आणि शेजारी बसून त्याचा दंड घट्ट धरला.

“पोचू ना हो आपण?”

“पोचू,” ऑपरेटर म्हणाला.