बेल वाजवू नये

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही.

मी घरीच ब्लाउज शिवते. आमच्या चर्चचे लोक शनिवारी शब्बाथ, म्हणजे देवासाठी विश्रांतीचा दिवस, पाळतात; त्या दिवशी मी मशिनला हात लावत नाही. तरी गिऱ्हाइकं यायचीच, म्हणून दारावर पाटी लावली: ‘शनिवारी शिवणकाम बंद. बेल वाजवू नये.’ कोथरूडमध्ये अशा पाटीचं कुणाला काही वाटत नाही.

आज चर्चहून आल्यावर दार लावून प्रार्थनेला बसले. शेजाऱ्यांसाठीही प्रार्थना केली. चार वाजता दार उघडलं, तर समोरच्या काकू जिन्यात बसलेल्या. एकट्याच राहतात. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या, मनगट टम्म सुजलेलं.

“काकू, बेल का नाही वाजवलीत?”

“अगं, तुझा देवाचा दिवस ना! जावई निघालेत विश्रांतवाडीहून, येतीलच.”

दीड तास बसल्या होत्या. माझ्या दारापासून चार पावलांवर.

आत्ता त्यांना प्लास्टर घालून घरी आणलं. जावई ट्रॅफिकमधून थेट हॉस्पिटललाच पोचले.

शब्बाथ मी सोडणार नाही, तो माझा श्वास आहे. पण ती पाटी मघाशी काढून ओट्यावर ठेवली आहे आणि तिच्याकडे बघवत नाही.

तुम्हीच सांगा, तिच्यावर काय लिहू म्हणजे काकू बेल वाजवतील?