तुळसाबाईची चार मरणं

केनवडात तुळसाबाईच्या शेजारची पात धरायला बायका भांडायच्या. पात म्हणजे निंदायला बसल्यावर ज्याच्या त्याच्या वाट्याला येणारी पिकातली पट्टी. तुळसाबाईची पात गाण्यावर पुढं सरकायची आणि शेजारणीचा हात आपोआप त्या गाण्याच्या मागं चालायचा. दुपार कधी कलली ते कळायचं नाही. म्हणून शेजारची विमलबाई सकाळी आधीच येऊन तिच्या बाजूला आपलं खुरपं टाकून ठेवायची, एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसं.

गाणी तुळसाबाईची स्वतःची होती. आईकडून आलेली नाहीत, सासूकडून तर नाहीच नाही. सासूला गाण्याचं वावडं होतं. ऊन डोक्यावर आलं की तुळसाबाई सरळ उन्हाशीच बोलायला लागायची:

"उना उना, सर रे बाजूले,
माही पात जाऊ दे काठाले."

एवढं धृपद पक्कं. पुढं त्या दिवशी सुचेल ते. कधी नवऱ्याची चेष्टा, कधी सरपंचाची, कधी ज्या बाईनं घरून आणलेली चटणी कुणाला दिली नाही तिची. बायका हसून हसून तणाबरोबर सोयाबीनही उपटायच्या. तीन एकराची धनीण म्हणायची तिला, पण सातबारा रामकिसनच्या नावावर. घर रामकिसनचं. लेक उज्ज्वला लग्न होऊन मेडशीला गेली, म्हणजे तीही दुसऱ्याची झाली. गाणं तेवढं हिचं होतं, आणि ते ही बाई वावरात म्हणायची अन् वावरातच टाकून यायची.

ते उचललं भाच्यानं. ऋषिकेश तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. भावाच्या खेड्यात सातवीपुढं शाळा नव्हती, म्हणून तो बारावीपर्यंत आत्याकडं केनवडात राहिला. तिच्या हातचं खाऊन वाढला. पुढं अकोल्याला कॉलेजात गेला, तिथं गिटारवाले, ड्रमवाले मित्र जमवले आणि बँड काढला. नाव ठेवलं 'तुराटी'. तुरीच्या वाळक्या काडीचं नाव बँडला दिलेलं पाहून रामकिसन म्हणाला होता, "चुलीत घालाची वस्तू हाय थे." रॉक म्हणजे काय, असं त्याला कुणी विचारलं तर तो सांगायचा, "दहा ट्रॅक्टर संगंच चालू करा अन् मंधात एक पोट्टं उभं करा बोंबलाले." तुळसाबाईला मात्र ते आवडायचं. तिच्या उन्हाला पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याइतकं जोरात दटावत होतं.

'उना उना' मोबाइलवर पसरलं आणि तुराटीचं नशीब उघडलं. पुण्याच्या एका कंपनीनं दौरा ठरवला. वाशीम, मंगरूळपीर, मेडशी, आणि शेवटी केनवड. केनवडला व्हिडिओ काढायचा होता. निघताना ऋषिकेश आत्याच्या पाया पडला.

"आत्या, दर स्टेजवर तुह्यं नाव घेतो. गानं तुह्यं हाय. मी नुसता हमाल."

बाई त्या दिवशी विरघळली ती विरघळलीच. आयुष्यात तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं असेल तर ते रेशनच्या दुकानात. आता ते भोंग्यातून ऐकू येणार होतं. तिला दुसरं काही नको होतं. मानधन नको, हार नको, फक्त नाव.

तुरीचं खळं चालू होतं, म्हणून तिला वाशीमला आणि मंगरूळला जाता आलं नाही. पण गावात तुराटीचे दोन वेडे होते. एक योगिनी, रिसोडच्या कॉलेजात शिकणारी. दुसरा पवन, चौकात मोबाइल दुरुस्त करणारा. एकही कार्यक्रम चुकवायचा नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. दोघं परत आले की पवनच्या दुकानापुढं पंचायत बसायची.

"वाशीमचा आवाज फाटला होता," पवन म्हणायचा. "पन पब्लिक पाय ना. कॉलेजचं मैदान भरून सांडलं."

"पब्लिकचं काय घेऊन बसला? मंगरूळले मार्केट यार्डाच्या टिनाखाली ड्रम असा घुमला, माह्या छातीत वाजला थो. अन् गिटारवाला गुडघ्यावर बसला. वाशीमले बसला का?"

"वाशीमले अवकाळीचा चिखल होता मंचावर. कसा बसन?"

तुळसाबाई तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन तिथून जात असली की हमखास थांबायची. विचारायची एकच गोष्ट. "पोराहो, माह्यं नाव घेतलं का त्यानं?"

दोघं एकमेकांकडं बघायचे. मग योगिनी म्हणायची, "घेतलं ना आत्या. साऱ्यायनं मोबाइलच्या बत्त्या लावल्या तुमच्या नावावर."

यात खोटं काहीच नव्हतं. खोटं न बोलता माणसाला फसवायचं कसं, हे आजकाल फार लहान वयात जमतं. तुळसाबाई फुशारून घरी यायची आणि विमलबाईला सांगायची की मंगरूळला आपल्या नावावर हजार दिवे लागले. विमलबाई मान हलवायची. तिच्या मुलानं तिला व्हिडिओ दाखवला होता, हे पुढं कळलं.

मग उज्ज्वलाचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. बाळ बघायला तुळसाबाई मेडशीला गेली, आणि योग असा की त्याच संध्याकाळी तिथं तुराटी. उज्ज्वलानं तिला शेजारणीबरोबर धाडलं. ऋषीला आधी सांगायचं नाही, आयत्या वेळी चकित करायचं, असं तुळसाबाईनं मनाशी ठरवलं आणि बायकांमध्ये जाऊन बसली. महामार्ग जवळ, त्यामुळं दर गाण्यात एखादा ट्रक आपला हॉर्न घालून जायचा. तिला त्याचं काही नव्हतं. ती आपल्या गाण्याची वाट बघत होती.

गाण्याआधी ऋषिकेशनं गिटार खाली केली. दिवे मंद झाले.

"हे गाणं माझ्या आत्याचं आहे," तो म्हणाला. पुस्तकी बोलत होता, पण तिला अभिमान वाटला. "तुळसाबाई तिचं नाव. तिनं मला वाढवलं. गेल्या उन्हाळ्यात शेतात काम करता करता तिचं काळीज थांबलं. मी पोचलो तेव्हा ती माझ्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होती. ओठावर हेच शब्द होते. उना उना, सर रे बाजूले."

ड्रम थांबला. मैदानभर मोबाइल पेटले. बाजूच्या अनोळखी बाईनं डोळ्याला पदर लावला आणि तुळसाबाईच्या हातावर हात ठेवला. "बिचारी वं. आपल्यावानीच असन कोनी."

तुळसाबाईनं आधी आजूबाजूला पाहिलं. दुसरी कुणी तुळसाबाई आहे की काय, असं तिला खरंच वाटलं. मग ती होती तिथंच बसून राहिली. मेलेल्या बाईला घाई कसली?

कार्यक्रम संपला तेव्हा नुकतीच जेवणवेळ होत होती. भज्यांच्या गाडीपाशी तिला ओळखीचे आवाज ऐकू आले. पवन आणि योगिनी पाठमोरे उभे होते, तोंडात भजी, आणि वाद रंगलेला.

"वाशीमले वीज पडून मेली होती आत्या, थे काही जमलं नाही," योगिनी म्हणत होती. "मंगरूळचा साप चांगला होता. साप म्हनल्यावर लोक शहारले."

"साप लंबा झाला पन. दवाखाना, इंजेक्शन, गाडी नाही भेटली. गान्याचा मूड गेला. आजचं काळीज एक नंबर. लवकर मेली अन् लगेच ड्रम."

"हो, आज मंगरूळपक्षा भारी झालं."

"म्हंजे मेडशीले सगळ्यात चांगली मेली मी?" तुळसाबाईनं विचारलं.

पवनच्या हातातला द्रोण खाली पडला. योगिनीचा चेहरा पिठासारखा झाला. ती "आत्या, आत्या" करत राहिली. तुळसाबाई रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं की गावात आणखी कुणाला माहीत आहे. पवन खाली मान घालून म्हणाला, "साऱ्यायले."

सकाळी तिनं भाच्याला फोन लावला. "ऋषी, मी मेली म्हनते."

"कोनं सांगतलं आत्या?"

"तूच. मी मेडशीले बायकायत बसली होती."

"आयक आत्या, आयक. वाशीमले मी खरंच सांगत होतो. माही आत्या केनवडले हाय, निंदता निंदता गाते. लोक भजे खाले उठून राह्यले होते. मंग माह्या तोंडातून निंगून गेलं, वीज पडली म्हनून. सारे जागच्या जागी बसले. जित्या मानसाच्या गान्यावर कोनी बत्ती नाही लावत आत्या."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिलेत. पण घरधनिणीलाच तिरडीवर ठेवून त्यावर टाळ्या घेणारा विरळा. तरी बाईचा जीव. तिला त्याचं भज्यांचं दुःख समजलं.

"अन् केनवडले काय सांगशीन?"

"केनवडले खरं सांगतो. साऱ्या गावासमोर तुले स्टेजवर बोलावतो. मंधातला कॅमेरा तुह्यावर. तुही शपथ."

"माही शपथ नोको घेऊ बापा. मी मेली हाय."

तो हसला, तीही हसली. हसली तिथंच फसली.

केनवडच्या कार्यक्रमाआधी दोन दिवस कंपनीची माणसं गावात आली. बाजाराच्या मैदानावर मंच चढला, लोखंडी पट्ट्यांवर कॅमेरा सरकायला लागला. ऋषिकेश आत्याच्या हातचं वरण आणि वांग्याची भाजी जेवला, मग गोठ्यात जाऊन रामकिसनशी बराच वेळ बोलत बसला. तुळसाबाईनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. तुराटी चुलीत घालणारा माणूस आता पोराशी नीट बोलतो आहे, असं तिला वाटलं. त्या दोन दिवसांत तिनं भाकरी थापताना मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. मंचावर चढायचं, भाषण करायचं नाही, गिटार बंद ठेवायला सांगायची, आणि धृपद एकटीनं म्हणायचं. जसं वावरात म्हणते तसं. म्हणजे लोकांना कळेल की हे गाणं कुणाच्या गळ्यातून निघालं.

संध्याकाळी ती लेकीनं घेतलेली जरीकाठाची साडी नेसली. पहिल्या रांगेत खुर्ची, बाजूला रामकिसन, मागं विमलबाई. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, त्यामागं उभी माणसं, झाडावर पोरं. आख्खं केनवड लोटलं होतं. ज्यांच्या शेजारी ती आयुष्यभर निंदायला बसली त्या सगळ्या बायका होत्या. पवन आणि योगिनी लांब कोपऱ्यात उभे होते, तिच्या नजरेला नजर न देता.

गाणं आलं. गिटार खाली झाली. दिवे मंद झाले. तुळसाबाईनं पदर सावरला आणि चपला पायात नीट बसवल्या.

ऋषिकेश पहिल्या रांगेकडं बघत नव्हता. तो कॅमेऱ्याकडं बघत होता.

"याच गावच्या मातीत माझी आत्या निंदायची," तो म्हणाला. "तुळसाबाई. आज ती इथं असती, तर या पहिल्या रांगेत बसली असती."

तिला वाटलं, पोरगा गंमत करतो आहे. आता म्हणेल, पण बघा, ती खरंच बसली आहे. ती अर्धी उठलीसुद्धा. तो मात्र पुढं सरकला. मेडशीचं काळीज, मेडशीची मांडी, मेडशीचेच शेवटचे श्वास. एक शब्द बदलला नव्हता.

मैदान गप्प झालं. हे गप्प होणं तिला ओळखीचं वाटलं, कारण या माणसांना तिनं मयतीत पाहिलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात एक बत्ती लागली. पवनची. मग दुसरी, मग दहा, मग मोजता येईना इतक्या. जी माणसं सकाळी तिच्या अंगणातून "काय तुळसाबाई, झाला का चहा" म्हणत गेली होती, ती तिच्या मरणावर दिवे धरून उभी होती.

ती उठून उभी राहिली. कॅमेरावाल्यानं हातानं खाली बसायची खूण केली. मागून विमलबाईनं तिचा पदर ओढला.

"बस ना वं खाली. व्हिडिओ काढून राह्यले. आपलं गाव दिसन."

"विमल, मी जिती हाय."

"मले काय माहीत नाही का? बस. मांगच्यायले दिसत नाही." विमलबाईच्या दुसऱ्या हातात बत्ती होती.

तुळसाबाई बसली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि परक्यानं कापला असता तर इतकं लागलं नसतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. एक हा माणूस उठून म्हणेल, असं तिला अजून वाटत होतं: ही बघा माझी बायको, हिला दोन वेळा जेवताना पाहतो मी.

रामकिसन तिच्याकडं झुकला. "पोट्टं बोललं होतं माह्याशी," तो हळूच म्हणाला. "येवढ्या एका व्हिडिओपुरतं आतोबा, म्हने. तू आयकली नसती, म्हनून तुले नाही सांगतलं."

"तुमी हो म्हनलं?"

"आपलं काय जाते त्यात?" त्यानं मागं वळून पाहिलं. सगळं मैदान उजळलं होतं, अंधारात फक्त ही दोघं. त्याला ते बरं दिसेना. खिशातून लेकीनं दिलेला मोबाइल काढून त्यानं तो उलटासुलटा केला आणि बायकोपुढं धरला.

"हे बत्ती कुठून लागते, पाय बरं."

मंचावर तिचं गाणं सुरू झालं. तुळसाबाईनं मोबाइल घेतला, बोटानं चाचपडून बत्ती लावली आणि तो त्याच्या हातात परत दिला.

"जरा वर धरा," ती म्हणाली. "मले पाहू द्या कोन कोन आलं माह्या मयतीले."