आमच्या विहिरीचा कोड

वटारहून निघालो त्या सकाळी टेंपोत कपाट, शेगडी, गाद्या चढल्या, सुनंदा, माझी बायको, पुढे बसली आणि मग आई पाच लिटरचा कॅन घेऊन आली. आमच्या विहिरीचं पाणी. "तिकडचं पानी लागंल तुला. पैले दोन दिस हेच पी." थोरला भाऊ, दादा, केळीत उभा होता. पुढे आलाच नाही. लांबूनच ओरडला, "गोखिवऱ्याला चाललाय, दुबईला नाय. रडताय काय सगळे?"

खरंच, रेल्वेचे रूळ ओलांडले की गोखिवरे. तरी तो कॅन मी वाटभर मांडीवर धरला आणि नव्या घरी पोचल्यावर मोरीत ढकलला. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी बघायला नको म्हणून. लपवायला मी तिथूनच सुरुवात केली.

नोकरी पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. नमुन्यांच्या बाटल्या यायच्या, त्यांच्यावर मालकाचं नाव, गाव, विहिरीची खूण. ते लेबल काढून कोड चिकटवायचा, हे माझं काम. कुणाचं पाणी आहे ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. कुठलं नाव म्हणजे कुठला कोड, ती वही माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात. रिपोर्ट पाकिटात घालून पाठवायचो तोही मीच.

आमच्या घरी गुपित ठेवायला जागाच नव्हती. कुणाला जुलाब झाले तरी शेजारच्या वाडीत कळायचं. लपवणं म्हणजे लपवणं, त्याला बरं दिसेल असं नाव आमच्याकडे नव्हतं. इंग्रजीत मात्र नावंच नावं. लॅबच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात समजावलं, "सिक्रेट म्हणू नका हो, सिक्रेट चोरांचं असतं. आपलं कॉन्फिडेन्शियल." पगाराचं बोलायचं नाही, तो प्रायव्हेट. गिऱ्हाइकासमोर गप्प राहायचं, ते डिस्क्रीट. शेजारी तोंडावर दार लावून घ्यायचा, ती प्रायव्हसी. आणि एखादा चुकून खरं बोललाच, तर ते ऑफ द रेकॉर्ड. मला हे शब्द फार आवडायचे. इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखं वाटायचं. आज एकेक शब्द ऐकला की थुंकावंसं वाटतं.

एका उन्हाळ्यात टँकरवाल्या ठेकेदाराकडून चार बाटल्या आल्या. रुळांच्या पश्चिमेच्या, वटारकडच्या विहिरींतून पाणी उपसून तो आमच्या पूर्वेच्या सोसायट्यांना पुरवायचा. तिसऱ्या बाटलीवर दादाचं नाव होतं. अक्षरही दादाचंच. ठेकेदार तपासणी फुकट करून देतो म्हटल्यावर बाटली त्यानेच विहिरीत सोडली होती. मी लेबल सोललं आणि डब्ल्यू-सतरा चिकटवलं. वहीत नोंद केली आणि चौथी बाटली पुढे ओढली.

रिपोर्ट मी वाचला. क्षार वाढलेत, उपसा वाढला तर विहीर खारी होईल, असं स्वच्छ लिहिलं होतं. तो रिपोर्ट ठेकेदाराचा. पैसे त्याने भरलेले.

आठवड्याने दादाचा फोन. "काय रं, तुज्याच हापिसात आलंय ना आपलं पानी? काय निगालं?"

मी म्हणालो, "दादा, ते कॉन्फिडेन्शियल असतं."

तो हसला. "बरं बाबा. मोठा मानूस झालास." त्याला वाटलं, काहीतरी सरकारी, भारीतलं निघालं असेल. वाईट असतं तर भावाने सांगितलं नसतं का? त्याने ठेकेदाराला आमच्याही विहिरीवर मोटर बसवू दिली.

नोकरीची भीती होती हे खरं, पण तेवढ्याने माझं भागत नाही. जन्मभर ज्याला सगळं आधी कळायचं त्या दादाला माहीत नसलेलं काहीतरी पहिल्यांदाच मला माहीत होतं. ते मला गोड लागलं. आता लिहितोय, लपवत नाही.

टँकर आमच्याच सोसायटीच्या टाकीत रिकामा व्हायचा. सुनंदा म्हणायची, "आज पाणी कसं गावासारखं लागतंय." मी पेपर वाचायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पानवेली पिवळ्या पडल्या, केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. ठेकेदार मोटर काढून दुसऱ्या गावी गेला. तुला ठाऊक होतं का, असं दादाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "मला नुसते कोड दिसतात रे, नाव कुठे कळतं?" आईसुद्धा हेच खरं मानून गेली.

लॅब सुटली, केस पिकले. मागच्या महिन्यात एकटाच वटारला गेलो. दादा ओटीवर बसला होता. वर न बघता म्हणाला, "या साहेब." मी उभ्यानेच सांगून टाकलं. कोड मीच चिकटवला होता, रिपोर्ट वाचला होता, सगळं कळलं होतं. आत वहिनीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मला वाटलं, शिव्या देईल. मारेल. तो उठला, विहिरीवर गेला आणि पेला भरून घेऊन आला. "पी."

मी प्यालो. अर्धा पेला तसाच राहिला.

"कसं लागतं?"

"खारं."

"मंग?" दादा म्हणाला. "एवडंच बोलायचं होतं. त्याला काय विंग्रजी लागतं?"

त्याने पेला हातातून घेतला आणि ओटीच्या कडेला, बाहेरच्यांच्या भांड्यांत ठेवला. जेव म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. त्या घराचं दार दिवसाढवळ्या लागलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझ्यासारखं गाव सोडून बाहेर पडलेल्यांनो, गाव कुठलं विचारलं की मी अजून वटारच सांगतो. पण तिथलं पाणी आता मलाच लागतं.