नानांच्या मागे लागलेला हॉर्न

माणूस गेला की त्याचे किस्से वाढत जातात. नाना गेल्यापासून आमच्या वादकांच्या कंपूत चहा आला, की कुणीतरी ‘ते आठवतंय का रे?’ म्हणतं आणि चहा निवून जातो. नाना म्हणजे आमचे संगीतकार. मी त्यांचा कीबोर्डवाला.

*

पंचवटीतल्या गल्लीत नानांचा स्टुडिओ. दार कितीही घट्ट लावा, आरती आत यायचीच. त्यामुळे दोन आरत्यांच्या मधे रेकॉर्डिंग उरकायचं. ‘बेडूकशाळा’ या मुलांच्या मालिकेची धून करत होतो. नेमकी शेवटच्या सुरावर बाहेर रिक्षा बोंबलली. पुन्हा घ्यायला वेळ कुठे होता?

“राहू दे रे. कोण ऐकतंय!” नाना म्हणाले.

मालिका वर्षानुवर्षं चालली. पोरं धून विसरायची आणि फक्त हॉर्न वाजवायची. पॉं-पॉं!

*

नानांना खरं तर सिनेमा करायचा होता. देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी निर्माता म्हणून मिळाला. नानांनी एका अंगाईवर वर्ष घातलं. मी आजवर वाजवलेलं ते सगळ्यात सुंदर गाणं.

पहिल्या खेळाला नाना नवा सदरा घालून बसले, शेजारी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. अंगाईची जागा आली आणि थेट मध्यंतर झालं! गाणं कापलं होतं. व्यापारी मनाने वाईट नव्हता. तो समोसे घेऊन आला.

“नाना, गाणं लय भारी हाय. पण लोकं उठून जात्यात हो. त्यापरीस तुमचा तो बेडकाचा हॉर्न टाकला असता तर?”

नानांनी समोसा काकूंना दिला.

*

पुढे अंबडच्या एका कारखान्याने नानांना स्नेहसंमेलनाला बोलावलं. अंगाई ऐकवू देणार असाल तरच येतो, असं नानांनी सांगितलं. कारखान्याने मान्य केलं, अंगाई सुरू झाली. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी ‘पॉं-पॉं’ केलं आणि मग सगळा हॉल सुरू झाला. नाना हसले, शाल-श्रीफळ घेतलं.

गाडीत मात्र काकूंना म्हणाले, “मेल्यावर तरी हे माझ्या मागे लावू नका.”

*

नंतर घशाचा कॅन्सर झाला आणि नानांचा आवाज गेला. ड्रेसिंगच्या वेळी नर्स रोज मोबाइलवर बेडूकशाळेची धून लावायची. पोरगी प्रेमानेच करायची. नानांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

“बघा, किती आवडतं बाबांना,” ती म्हणायची.

मला भयंकर राग यायचा. पण कुणावर काढणार?

*

श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लागला. त्यावर नानांपेक्षा बेडूक मोठा होता.

*

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. भिंतीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. नानांच्या भावाने हात जोडून पुतणीचं लग्न लावून देण्याचा शब्द दिला. कावळा हलला नाही. मुलीने आईला सांभाळण्याचा शब्द दिला, तरी नाही. मग मी पुढे झालो आणि अंगाई लोकांना ऐकवीन म्हणालो. एका कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि तो तिथेच बसून राहिला. ऊन चढलं. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा काकू उठल्या. पदर सावरत पिंडापाशी गेल्या आणि घरात बोलावं तशा हळूच म्हणाल्या, “अहो, तो हॉर्न आपल्या घरात पुन्हा कुणी वाजवणार नाही.”

कावळा भिंतीवरून उतरला आणि पिंडाला शिवला.