पाहुण्यांचं पाणी

गोंदियाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. आमच्याकडे एक फोटोमीटर होता. पाण्यात लाल औषध टाकायचं आणि त्यातून उजेड सोडायचा. लाली जितकी उतरेल तितकं फ्लोराइड जास्त. साहेब त्या यंत्राला लेकरासारखं जपत. आम्हाला नाही.

सडक अर्जुनीकडच्या एका गावात पोरांचे दात तपकिरी पडत होते. हातपंपावर संशय होता. त्याचं पाणी घेऊन एक बाई आली. त्याच गावात जन्मलेली, तिथेच दिलेली. तोंडावर पदर धरून बोलायची. यंत्राने फ्लोराइड जवळजवळ शून्य दाखवलं. दुसरी बाटली मागवली, तीही तशीच. मी यंत्राला शिव्या घातल्या, दिवा बदलला, काचनळ्या पुसून पुसून झिजवल्या. शेवटी एसटीने गावच गाठलं.

बाई म्हणाली, "ते पंपाचं नव्हतं जी. कोसभर लांबच्या विहिरीचं होतं. सायबाकडे पाठवाचं, तं खराब पाणी काऊन पाठवाचं?"

मी भर अंगणात तिच्यावर ओरडलो. तिने शांतपणे पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी गोड लागलं.

"हे तरी पंपाचं आहे का?"

"नाही जी. तुमाले पंपाचं कायले देऊ? ते आमच्यासाठी आहे."

आणि ती हसली. या वेळी पदर धरायला विसरली. तिचेही दात तपकिरी होते. नंतर मी पंपाखाली बाटली धरली खरी, पण ती फक्त साहेबांसाठी.